शेवाळावर पाय रोवण्यासाठी: बुटाच्या खिळ्यांची पार्श्वभूमी

ओहोटीला वरळी, हाजी अली, वांद्र्याचं बँडस्टँड इथले कातळ उघडे पडतात आणि गळ टाकून बसणारे पाण्याच्या दिशेने सरकू लागतात. बहुतेकांच्या पायात रबरी चप्पल, नाहीतर जुने कॅनव्हासचे बूट. सुक्या, खरखरीत काळ्या दगडावर तेवढं पुरतं. हिरवं शेवाळ सुरू झालं की सवयीचा माणूसही आपटतो, आणि खाली धारदार कालवं असतील तर तळहात फाटतो. नदीत उतरून ट्राउट मासा धरणाऱ्यांचे धातूचे खिळे लावलेले बूट त्यामुळे इथल्या हौशी गळवाल्यांनाही हवेसे वाटतात. ते जरूर घ्यावेत. पण हा खिळा कुठून आला आणि कुठे दगा देतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

शेवाळावर रबर का घसरतं? कारण रबर दगडापर्यंत पोचतच नाही. मध्ये बुळबुळीत थर असतो आणि आपण त्या थरावर उभे असतो. सत्तर किलोंच्या माणसाचं वजन बुटाच्या सबंध तळावर पसरलं, तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम अर्धा किलो भार येतो. तोच माणूस दोन मिलिमीटर जाडीच्या दहा टोकांवर उभा राहिला, तर टोकाखालचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोंच्या वर जातो. एवढ्या दाबाखाली शेवाळ चिरतं आणि धातू दगडाच्या खडबडीत अंगात रुततो. खिळ्याचं सगळं काम एवढंच.

ही युक्ती मासेमारांनी काढलेली नाही. रोमन सैनिकांच्या चामडी वहाणांना तळाला लोखंडी खिळे असत. लांबच्या कूचमध्ये चामडं टिकावं आणि मातीत पाय रोवला जावा म्हणून. त्यांचा दोषही तेव्हाच दिसला होता. इ. स. ७० मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात ज्युलियानस नावाचा रोमन शतकाधिपती एकटाच शत्रूवर धावून गेला आणि मंदिराच्या गुळगुळीत फरसबंदीवर खिळ्यांमुळे घसरून पडला. शत्रूने त्याला घेरून मारलं. इतिहासकार जोसेफसने ही हकिकत लिहून ठेवली आहे. कडक, सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर धातूला रुतायला जागाच मिळत नाही. हा धडा आजही तितकाच खरा आहे आणि मुंबईत तर फारच लागू पडतो, त्याकडे पुढे येतोच.

आपल्याकडेही बुटाच्या टाचेला नाल आणि तळाला चुका मारून घ्यायची रीत होती. मोच्याच्या ऐरणीवर ते काम दोन मिनिटांत व्हायचं. पण तिथे हेतू मुख्यतः तळ झिजू नये हा. पाय घसरू नये म्हणून मुद्दाम टोकदार खिळे वापरले ते एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांनी. नदीतून ओंडके वाहून नेताना त्यांना तरंगत्या, फिरत्या, ओल्या ओंडक्यांवर चालावं लागे. ओल्यात चालायच्या खिळेवाल्या बुटाचा खरा पूर्वज मला तोच वाटतो.

गिर्यारोहणातही बरीच वर्षं खिळ्यांचंच राज्य होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिनिव्हाच्या फेलिक्स जेनकाँनी बुटाच्या कडेला लावायची दातेरी पोलादी पट्टी काढली आणि ती ट्रायकूनी या त्यांच्या टोपणनावानेच ओळखली गेली. १९२४ साली एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरींचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा पायात खिळ्यांचाच बूट होता. हे बूट जड, शिवाय लोखंडातून थंडी थेट पायात शिरायची. १९३५ मध्ये इटलीचे गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा सोबती आल्प्समधल्या पुंता रासिका शिखरावर वादळात सापडून दगावले. कड्यासाठी घातलेले पातळ तळाचे बूट त्या थंडीत टिकणारे नव्हते. त्यानंतर ब्रामानींनी १९३७ साली खोल खाचांचा रबरी तळ तयार केला, तोच विब्रम. १९५४ मध्ये के-टू शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या बुटांना हा तळ होता. पावसाळ्यात मुंबईहून राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला निघणाऱ्यांच्या बुटांना ज्या खाचा दिसतात, त्या याच घराण्यातल्या.

नदीच्या गोट्यांवर मात्र या रबराचा निभाव लागला नाही. मासेमारांनी फेल्टचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या नमद्याचा तळ पसंत केला. त्याचे तंतू शेवाळाच्या थरात घुसतात आणि दगडाच्या बारीक खळग्यांत बसतात. फेल्टची अडचण ही की तो लवकर वाळत नाही, आणि ओल्या नमद्यात सूक्ष्म जीव एका नदीतून दुसऱ्या नदीत जातात. २००४ मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डिडिमो हे एकपेशीय शेवाळ सापडलं. नदीचा तळच्या तळ ते गोधडीसारखं झाकून टाकतं. २००८ मध्ये तिथे फेल्टच्या तळांवर बंदी आली. अमेरिकेत मेरीलँड आणि व्हरमाँटने २०११ मध्ये, अलास्काने २०१२ मध्ये तोच मार्ग धरला. मासेमारीचे बूट बनवणाऱ्या सिम्स या नावाजलेल्या कंपनीने फेल्ट बंद केला आणि गिऱ्हाइकांच्या मागणीमुळे थोड्याच काळात परत आणला. व्हरमाँटनेही २०१६ मध्ये बंदी उठवली. उत्तर अमेरिकेत डिडिमो मुळातच होतं आणि पाण्यात फॉस्फरस फार कमी झाला की ते फोफावतं, असं दरम्यान संशोधकांनी दाखवून दिलं होतं. पण त्या काही वर्षांत रबरी तळात धातू बसवण्याला जो जोर आला, तो टिकला.

टोकाला आता टंगस्टन कार्बाइड असतं, लेथवाले ज्याला विडिया म्हणतात तेच. बर्फाळ रस्त्यांवर चालणाऱ्या टायरांच्या खिळ्यांत ते आधीपासून होतं. दुसरी वाट उलटी, मऊ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची. तिथे धातू दगडाला चावत नाही, दगडच धातूला चावतो. पट्ट्या झिजतात, पण पकड छान देतात. स्वस्तातला उपाय षटकोनी डोक्याच्या स्क्रूंचा. नागदेवी स्ट्रीटवर ते सहज मिळतात. स्क्रू तळाच्या जाडीपेक्षा आखूड हवा आणि तो डोकं बाहेर ठेवून कडेच्या जाड उंचवट्यांत बसवायचा, पायाच्या कमानीखाली नाही. जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू खाऱ्या पाण्यात लवकर गंजतो. ३१६ जातीचं स्टेनलेस गंजाला टिकतं, पण डोक्याच्या कडा लवकर बोथट होतात. समुद्रासाठी मी तरी तेच घेईन आणि झिजले की बदलीन.

आता ज्युलियानसकडे. मरिन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या चार पायांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या कलत्या गुळगुळीत अंगावर, खिळ्यांचे बूट घालून मुळीच जाऊ नये. तिथे घसरलेला माणूस थेट दोन ठोकळ्यांच्या फटीत जातो. मुंबईचा बेसाल्ट, म्हणजे इथला काळा कातळ, त्यापेक्षा बरा. त्याला बारीक छिद्रं आणि खडबडीत अंग असतं, आणि शेवाळाखाली टोक त्यात अडकतं.

पण या कातळावर जीव राहतात. वरळी आणि हाजी अलीला प्रवाळ आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामाच्या वेळी त्यांतले काही उचलून दुसरीकडे लावावे लागले होते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना जागा आहे. दगडावर पसरलेले झोअँथिड, म्हणजे प्रवाळांचे मऊ अंगाचे भाऊबंद, तर विडियाच्या एका पावलात सोलून निघतात. खिळ्यांचे बूट घालणाऱ्याने हिरव्या शेवाळाच्या पट्ट्यात खुशाल चालावं. पाणी साचलेल्या खळग्यांच्या कडा आणि ओहोटीच्या अगदी शेवटी उघडा पडणारा भाग सोडून द्यावा, कारण प्रवाळ तिथेच असतात.