पेशी आयोडीन ओढायचंच विसरते तेव्हा

थायरॉइडचा कॅन्सर म्हटलं की कुणीतरी लगेच धीर देतं, "अरे तो तर चांगला कॅन्सर, काही होत नाही." बऱ्याच अंशी खरंय ते. थायरॉइडच्या दर दहा कॅन्सरपैकी आठेक पॅपिलरी असतात आणि त्यातले बहुतेक पेशंट ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात. पण पॅपिलरी हे आडनाव झालं, त्या घरातली सगळी भावंडं एका स्वभावाची नाहीत. टॉल सेल नावाचं एक भावंड भलतंच आक्रमक आहे.

टॉल सेल म्हणजे उंच पेशी. १९७६ साली हॉक आणि हॅझर्ड यांनी हा प्रकार वेगळा काढला. आता पेशीची उंची रुंदीच्या किमान तिप्पट आणि अशा पेशी ३० टक्के किंवा जास्त, असं दिसलं की रिपोर्टवर हे नाव येतं. हा ग्रंथीबाहेर स्नायूत, कधी श्वासनलिकेत घुसतो, लिम्फ नोडमध्ये जातो, आणि उलटण्याची शक्यताही जास्त.

आता खरी गंमत, आयोडीनची. थायरॉइडच्या पेशीला रक्ताच्या बाजूने एनआयएस नावाचं एक प्रोटीन असतं, म्हणजे दारच म्हणा. पेशी आतलं सोडियम सतत बाहेर फेकत असते, त्यामुळे बाहेरचं सोडियम आत यायला टपलेलं असतं, आणि दोन सोडियम आत शिरताना एका आयोडाइडला सोबत ओढून आणतात. किती सुंदर युक्ती आहे ही! कॅन्सर झाल्यावरही पुष्कळ पेशींत हे दार थोडंफार चालू असतं, म्हणून तर आयोडीन-१३१ हे किरणोत्सर्गी आयोडीन देता येतं, ते नेमकं त्याच पेशींत जाऊन बसतं, दर आठ दिवसांनी निम्मं होतं आणि त्याचे बीटा कण दोनेक मिलिमीटरच्या आतच सगळा मारा करतात. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, तिथे हीच ट्रीटमेंट देतात.

टॉल सेलमध्ये घोळ इथेच होतो. बहुतेकांत बीरॅफ (BRAF) नावाच्या, पेशीला वाढीचा निरोप देणाऱ्या प्रोटीनमध्ये ६०० व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलेलं असतं. एवढ्यानेच ते प्रोटीन बटण दाबून धरल्यासारखं अडकतं, पुढे मेक (MEK), मग अर्क (ERK) अशी प्रोटीनांची साखळी अखंड "वाढ, वाढ" सांगत राहते आणि त्याच गडबडीत एनआयएसचं जीन गप्प होतं. दार बंद, रेडिओआयोडीन बाहेरच. त्यात काहींत टर्ट (TERT) जीनच्या स्विचमध्ये डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असतं, तिथे जीन चालू करणाऱ्या ईटीएस प्रोटीनांना बसायला नवी जागा तयार होते, आणि त्यांना जोर देणारी साखळी पुन्हा तीच, बीरॅफची. टर्ट चालू झालं की गुणसूत्रांची टोकं झिजत नाहीत, पेशी थकत नाही. म्हणून हे दोन बदल एकत्र आले की डॉक्टर जास्त सावध होतात.

धण्याच्या पाण्याने गाठ विरघळते किंवा सैंधव मिठाने थायरॉइड बरा होतो असले फॉरवर्ड कृपया पुढे ढकलू नका. यातलं काहीही वरच्या साखळीला हातसुद्धा लावत नाही, आणि त्यात जातात ते महिने पेशंटचे.

बंद दार उघडायचे प्रयत्न मात्र खरंच चालू आहेत. २०१३ मध्ये सेल्युमेटिनिब नावाचं औषध देऊन मेक थोपवला तेव्हा २० पैकी १२ पेशंटमध्ये आयोडीन जास्त शिरलं, त्यातल्या ८ जणांत ट्रीटमेंट देण्याइतकं, पण त्या आठांत बीरॅफ बदललेला पेशंट एकच. मग २०१५ मध्ये थेट बीरॅफच अडवणारं डॅब्राफेनिब १० बीरॅफवाल्यांना देऊन पाहिलं. ६ जणांच्या स्कॅनवर, आधी जिथे काहीच उमटत नव्हतं तिथे, आयोडीन दिसलं.