पालीच्या खिशात डिंक नाही

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. हे वाक्य पाच वर्षांच्या मुलापुढे म्हणून बघा. ते नाक पुसेल आणि खाऊ कधी मिळणार ते विचारेल. त्याचं काही चुकत नाही. आपल्याला तरी तो 'अब्जावा' कुठे दिसतो? बोटाचं नख सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं म्हटलं, तर निदान ते नखाकडे टक लावून बसेल.

पण खरी गंमत नुसत्या लहान असण्यात नाहीच. तितक्या खाली गेलं की वजनाला कुणी विचारत नाही, चिकटण्याचं राज्य सुरू होतं आणि कण क्षणभरही एका जागी ठरत नाहीत. अडकणं, घसरणं, धडपडणं! प्रहसनाला आणखी काय लागतं? आणि धडपडावं तर बाहुल्यांनीच.

ठाण्यात वर्तकनगरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये असा छोटासा खेळ पाहिला. नायिका पाल, जुन्या मोज्याची, अंगात खिसेवाला फ्रॉक. ती उभ्या फळीवर सरसर चढते. खालून ढेरपोटे बाहुलेकाका ओरडतात, "लबाड! डिंक लावून चढतेस!" पाल खिसे उलटे करून दाखवते. पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून थेट खिशात हात घालते आणि जाहीर करते, "नाहीये हो काका, खरंच नाहीये!" मग काका स्वतः फळीला तळवे लावतात आणि धप्पकन आपटतात. पुन्हा लावतात, पुन्हा आपटतात. पोरं हसून लोळतात.

डिंक खरंच नसतो. 'टोके' नावाच्या जातीच्या पालीच्या एका पायाला सुमारे 5 लाख सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे. एका फाट्याचं टोक जेमतेम 200 नॅनोमीटर रुंद. अणूंमधले इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. त्यामुळे क्षणभर एक बाजू किंचित ऋण, दुसरी धन होते आणि शेजारचा अणू ओढला जातो. याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. ते भलतंच दुबळं, शिवाय काही नॅनोमीटरच्या पलीकडे जवळपास संपतंच. आपल्याला गुळगुळीत वाटणारी भिंत या मापात डोंगरदऱ्यांची असते. काकांचा तळवा फक्त शिखरांना टेकतो, पालीचे फाटे पार दऱ्यांत पोचतात. पालीची पकड मुख्यतः याच बलाची, हे जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रयोगांनी दाखवलं.

खेळातला सगळ्यात मोठा हशा नॉनस्टिक तव्याला मिळाला. मिजाशीत निघालेली पाल तव्यावरून सुर्रकन खाली! हा विनोद शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. कोरड्या टेफ्लॉनवर, म्हणजे तव्याच्या त्या लेपावर, पालीचं काही चालत नाही, कारण तिथे हे बल फारच क्षीण पडतं.

माझी एकच तक्रार वेल्क्रोबद्दल. बाहुली फळीला चिकटवायला तो सोयीचा, हे कबूल. पण वेल्क्रोत आकडा फासात अडकतो, आणि पालीच्या पायाला आकडेच असतात असं मुलं पक्कं धरून बसतात. त्यापेक्षा बाहुली हातानेच धरावी. अणूंना डोळे-तोंड काढायचा मोहही आवरावा. पाल बोलली तर बिघडत नाही, तिला मुलांनी ट्यूबलाइटपाशी रोज पाहिलेलं असतं. अणू मात्र त्यांना पहिल्यांदाच भेटतोय.

खेळ संपल्यावर एका पोराने विचारलं, "मग ती भिंतीलाच चिकटून का नाही बसत?" उत्तर मोज्यानेच दाखवता येतं. केस नुसते टेकले तर धरत नाहीत. दाबून किंचित ओढले की धरतात, आणि भिंतीशी त्यांचा कोन वाढवला की सुटतात. म्हणून पाल पाऊल उचलताना आधी बोटांची टोकं वर वळवते, चिकटपट्टी कडेपासून सोलावी तशी. मोज्याची बोटं आतून उलटी वळवायला थोडा सराव लागतो, पण मुलांना ते आपल्याआधी जमतं.