लॉगिन मिळाला, लेख का नाही? गोव्यातल्या संशोधनाची पार्श्वभूमी

ऑनलाइन जर्नल्स हाताशी आली, तरी कॉलेजातल्या प्राध्यापकांचं संशोधन-लेखन त्या मानाने का वाढत नाही, हे समजायला आधी थोडं मागे जाऊ. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी इथे कॉलेजं उघडली, ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न. गोवा विद्यापीठ व्हायला १९८५ उजाडलं. तोवर कॉलेजातल्या प्राध्यापकाचं काम म्हणजे मुख्यतः शिकवणं आणि पेपर तपासणं. कुणी संशोधनाला हात घातलाच, तर संदर्भांसाठी मुंबई-पुण्याच्या खेपा आणि झेरॉक्सचे गठ्ठे.

१५ ऑगस्ट १९९५ला देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं. २००४च्या सुमारास इन्फ्लिबनेट या विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्रामार्फत विद्यापीठांना ई-जर्नल्स, म्हणजे ऑनलाइन संशोधन-नियतकालिकं, मिळू लागली. कॉलेजं मात्र बाहेरच राहिली, ती २०१०मध्ये एन-लिस्ट ही कॉलेजांसाठीची ई-साधनांची योजना येईपर्यंत. मग पेडण्याच्या किंवा सांखळीच्या प्राध्यापकालाही घरबसल्या लॉगिन मिळायची सोय झाली. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आली.

साधनं अशी दारात आली, तरी लेखन त्या मानाने वाढेलच असं नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७मध्ये मांडलं होतं की माणूस एखाद्या कामाला हात घालतो आणि अडलं तरी नेट धरतो, तो ‘हे मला जमेल’ या विश्वासावर. हा विश्वास मुख्यतः आधी काही जमल्याच्या अनुभवातून येतो. आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहूनही येतो. नायजेरियातल्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी ई-साधनं आणि हा विश्वास एकत्र धरून प्राध्यापकांच्या संशोधनावर बरंच काम केलं आहे.

गोव्यात साधनं आणि विश्वास यांची ही गाठ कुठे बसते? मराठी माध्यमातून शिकलेले सर वर्गात तासभर रंगून बोलतात, टिपणांच्या वह्या भरलेल्या असतात. पण जर्नल इंग्रजीत सारांश मागतं आणि तिथे घोडं अडतं. पहिला लेख ‘साभार परत’ आला की दुसरा पाठवायची हिंमत होत नाही. अशा वेळी शेजारच्या स्टाफरूममधल्या, दोन-चार लेख छापून आलेल्या मॅडमनी मसुदा वाचून दिला, तर त्याचं मोल कुठल्याही डेटाबेसपेक्षा जास्त, असं मला ठामपणे वाटतं.

त्यातच २०१०च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी बढतीसाठी छापून आलेल्या लेखांना गुण लावले. घाई झाली, आणि पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नल्सचं फावलं. स्वतःच्या लेखनाबद्दल धास्ती असलेली माणसं त्यांच्या गळाला लवकर लागली. २०१९मध्ये केअर यादी, म्हणजे यूजीसीची विश्वासार्ह जर्नल्सची यादी, आली, ती याच कारणाने.

मराठी विषयाच्या प्राध्यापकाची अडचण आणखी वेगळी. त्याला हवी असलेली जुनी मासिकं आणि दिवाळी अंक त्या १३,०००मध्ये सहसा सापडत नाहीत. त्यासाठी अजूनही पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयासारख्या ठिकाणी जाऊन बसावं लागतं.