बकलावा कोणाचा? एका नोंदणीची पार्श्वभूमी

बकलावा म्हणजे पातळ पापुद्र्यांत सुकामेवा भरून पाकात मुरवलेली मिठाई. युरोपीय संघाने डिसेंबर 2013 मध्ये 'अँतेप बकलावा' किंवा 'गाझियान्तेप बकलावा' या नावाची भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीत नोंद केली. अँतेप हे आग्नेय तुर्कस्तानातल्या गाझियान्तेप शहराचे जुने नाव. तुर्कस्तानातून या नोंदवहीत गेलेले हे पहिलेच उत्पादन होते. हा पदार्थ तुर्कांचाच, यावर आता युरोपानेच शिक्कामोर्तब केले, असा अर्थ तुर्कस्तानात अनेकांनी काढला. नोंदीचा मजकूर मात्र तसे काही म्हणत नाही. तरीही हा अर्थ इतक्या सहज का रुजला, हे कळण्यासाठी सात वर्षे मागे जावे लागते.

मे 2006 मध्ये युरोप दिनानिमित्त प्रत्येक सदस्य देशाची ओळख एकेका गोड पदार्थातून करून देण्याची कल्पना निघाली आणि सायप्रसच्या वाट्याला बकलावा आला. सायप्रस 2004 मध्ये संघात दाखल झाला होता. तुर्कस्तानच्या प्रवेशाची बोलणी ऑक्टोबर 2005 मध्ये नुकतीच सुरू झाली होती आणि ग्रीक आणि तुर्की भागांत दुभंगलेल्या सायप्रस बेटाचा प्रश्न हाच त्या बोलण्यांतला सर्वांत मोठा अडसर होता. अशा वेळी भित्तिपत्रकावर सायप्रसच्या नावापुढे बकलावा झळकल्यावर इस्तंबूलमधले बकलावा करणारे कारागीर आणि व्यापारी रस्त्यावर उतरले. बाहेरच्या वाचकाला हे हास्यास्पद वाटले असेल, पण भांडण मिठाईपुरते नव्हते. ज्या घराच्या दाराशी आपण उभे आहोत, त्याच घरात आपल्या ताटातला पदार्थ दुसऱ्याच्या नावावर वाढला जातो आहे, ही ती चीड होती. सायप्रसच्या बाजूचे म्हणणेही खोटे नव्हते. त्या बेटावर तीनशे वर्षे उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांचे, राज्य होते आणि ग्रीक भाषक घरांत बकलावा पिढ्यान्‌पिढ्या होतच होता.

नोंदणीसाठीचा अर्ज 2009 मध्ये गेला, आणि खरा गुंता तिथल्या एका शब्दात आहे. तुर्की कायद्यात भौगोलिक मानांकनाचे दोन प्रकार आहेत, 'मेन्शे' आणि 'माहरेच'. दोन्ही शब्द अरबीतून आले आहेत आणि बोलीभाषेत दोघांचाही अर्थ साधारण 'जिथून निघाले ते ठिकाण' असाच होतो. कायद्यात मात्र दोघांत मोठे अंतर आहे. मेन्शे मिळवायचे तर उत्पादनाचे गुण मुख्यतः त्या भूमीतूनच आलेले असावे लागतात आणि सगळे टप्पे तिथेच पार पडावे लागतात. माहरेचसाठी पदार्थाचे नाव, गुण किंवा लौकिक त्या जागेशी जोडलेला असणे आणि निदान एक टप्पा तिथे होणे पुरते. युरोपीय नोंदवहीतही हेच दोन वर्ग आहेत. बकलाव्याला मिळाले ते माहरेच, म्हणजे दोघांतले सैल मानांकन. त्यातून सिद्ध होते ते इतकेच की या नावाने विकला जाणारा बकलावा त्या शहराच्या परिसरात, ठरलेल्या रीतीने झालेला असला पाहिजे. नुसता 'बकलावा' हा शब्द कोणाच्याही मालकीचा झाला नाही. अथेन्स किंवा निकोसियातल्या दुकानदाराला पाटी बदलावी लागली नाही. पण 'मूळ' असा अर्थ असलेला शब्द शिक्क्यावर आला की वाचणारा त्यातून वंशावळच वाचतो.

आपल्याकडच्या रसगुल्ल्याचे उदाहरण इथे डोळ्यांसमोर येते. 2017 मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याला मानांकन मिळाले, 2019 मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्यालाही मिळाले. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी नांदत आहेत आणि पहिला रसगुल्ला कोणी केला, हा वाद होता तिथेच आहे.

नोंदणीने आणखी एक गोष्ट पक्की केली, जिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. बकलाव्याचे वर्णन जगभर 'सुक्यामेव्याची आणि मधाची पापुद्र्यांची मिठाई' असे होते, पण अँतेपच्या बकलाव्यात मध नसतो. तिथे साखरेचा पाक असतो आणि तो आटताना त्यात लिंबू पिळतात. मैद्याच्या कणकेत अंडे घालतात. गोळ्यांवर स्टार्च भुरभुरून, अनेक पाऱ्या एकावर एक ठेवून त्या बारीक लांब लाटण्याने एकत्रच लाटतात. आपल्या चिरोट्यात साट्यामुळे पदर सुटतात, इथे तेच काम कोरडा स्टार्च करतो. पारीखालचे वर्तमानपत्र वाचता आले पाहिजे, ही कारागिराची जुनी कसोटी आहे. पिस्ते पूर्ण पिकण्याआधी, गर हिरवागार असतानाच उतरवलेले लागतात, आणि तूप शेळ्यामेंढ्यांच्या दुधाचे. पिस्त्याच्या थरासोबत दूध आणि रव्याची शिजवलेली साय पसरतात. वड्या भाजण्याआधीच पाडतात.

मध मागे पडून साखर केव्हा आली, याचे उत्तर एका तारखेत देता येत नाही. साखर महाग होती तोवर तिचा बकलावा हे राजवाड्याचे आणि श्रीमंतांचे खाणे होते. घरोघरी मध, काकवी किंवा द्राक्षाच्या रसाचा आटवलेला पाक वापरात होता. तुर्की प्रजासत्ताकातले पहिले साखर कारखाने 1926 मध्ये सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत साखर सर्वांच्या आवाक्यात आली. म्हणजे आज परंपरा म्हणून नोंदवहीत बसलेली कृती, निदान सामान्य घरांपुरती, बरीचशी कारखान्याच्या साखरेच्या युगातली आहे. हा दोष नव्हे. पण 'शतकानुशतके जशीच्या तशी' हे दुकानांच्या पाट्यांवरचे शब्द जरा जपून घ्यावेत. रमजाननंतरच्या ईदला तुर्कीत लोक 'शेकर बायरामी', म्हणजे साखरेचा सण, असेही म्हणतात. तो रमजानचा सण आहे, साखरेचा नव्हे, अशी तक्रार धर्मनिष्ठ मंडळी दरवर्षी करतात. त्यातला 'शेकर' फारसीतून गेलेला, आपल्या 'शर्करे'चाच नातलग आहे, हा भाग वेगळा.

राजवाड्याच्या काळाबद्दल लिखित आधार बरा आहे. इस्तंबूलमधल्या उस्मानी सुलतानांच्या तोपकापी राजवाड्याच्या स्वयंपाकघराच्या हिशेबात 1473 मध्ये बकलाव्याची नोंद सापडते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून रमजानच्या पंधराव्या दिवशी 'बकलावा मिरवणूक' निघू लागली. सुलतानाच्या खड्या पायदळातल्या, म्हणजे जानिसारी, सैनिकांना दर दहा जणांमागे एक परात मिळे. कापडात बांधलेली परात दांड्याला अडकवून दोघे खांद्यावर घेत आणि बराकीपर्यंत वाजतगाजत जात. वरवर हा सुलतानाचा प्रसाद, प्रत्यक्षात मात्र सैन्याच्या मर्जीचा अंदाज घेण्याची ती संधी. या सैन्यात पथकाच्या प्रमुखाला 'चोर्बाजी', म्हणजे सूप वाढणारा, म्हणत आणि शिजवायचे कढई-हंडे उलथे केले की ते बंडाचे निशाण समजत, हे ध्यानात घेतले की परातींचे महत्त्व कळते. 1826 मध्ये हे सैन्यच बरखास्त झाले आणि मिरवणूक संपली.

त्याआधीचा इतिहास दाव्यांचा आहे. इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातल्या एका रोमन शेतीग्रंथात कणकेचे थर, चीज आणि मध यांचा 'प्लाकेंटा' येतो आणि ग्रीक बाजू आपला धागा तिथवर नेते. अरब बाजू बगदादच्या तेराव्या शतकातल्या पाकग्रंथांमधल्या बदामाच्या 'लौझिनज'कडे बोट दाखवते. तुर्क अभ्यासक अकराव्या शतकातल्या कोशातल्या पातळ, घडीच्या पोळीचा शब्द पुढे करतात. यांपैकी एकाही पदार्थाला आजचा बकलावा म्हणता येणार नाही, पण माझ्या मते पारी इतकी पातळ लाटण्याचे कसब भटक्या तुर्कांच्या तव्यावरून आले आणि सुकामेवा नि पाक शहरांनी दिले, ही मांडणी त्यातल्या त्यात पटणारी आहे.

सणांकडे पाहिले तर मालकीचा प्रश्न आणखी विरघळतो. अझरबैजानात नवरोजच्या ताटात शंकरपाळ्याच्या आकाराची पाखलावा ही चांदणीची खूण मानतात. इराणमधल्या यझ्दला ती वेलदोडा आणि गुलाबपाण्याची होते. बोस्नियात अक्रोड घालून ईदला करतात. ग्रीसमध्ये नाताळ-नववर्षाला मध घालतात आणि ख्रिस्ताच्या आयुष्याची वर्षे म्हणून तेहतीस पाऱ्या मोजतात, तर अँतेपचे कारागीर चाळीस सांगतात. अलीकडे दिवाळीच्या भेटपेट्यांतून तो मुंबई-पुण्यातही पोहोचला आहे. इथे पिस्ता परवडत नसल्याने पुष्कळदा आत काजू असतात आणि डब्यावर मात्र मधाचे चित्र असते.