फ्लूची लस

इन्फ्लुएन्झा, म्हणजे बोलीभाषेतला फ्लू, या आजारापासून बचावासाठी दरवर्षी घ्यायची लस. बहुतेक लशी निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनवतात व दंडात टोचतात. नाकात फवारायची लसही असते, तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. ‘थंडीच्या आधी घ्यायची लस’ ही तिची ओळख युरोप-अमेरिकेतली. महाराष्ट्रात ती अर्धीच लागू पडते.

साधे पडसे हळूहळू चढते, फ्लू एकदम गाठतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून अंथरुणात असतो, अंग मोडून येते, डोळे दुखतात. विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन व न्यूरामिनिडेझ ही दोन प्रथिने असतात. एच१एन१, एच३एन२ ही नावे त्यांच्यावरूनच पडली. ही प्रथिने सतत थोडीथोडी बदलत राहतात. शिवाय लशीने आलेले संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागते. म्हणून गेल्या वर्षीची सुई यंदा पुरत नाही.

कोणते विषाणू लशीत घालायचे, याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. इतक्या आधी ठरवावे लागते, कारण अजूनही बहुतेक लस कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवूनच तयार होते आणि त्यात सहा महिने जातात. जगभरच्या प्रयोगशाळांच्या ज्या जाळ्यावर ही निवड उभी असते, त्यात पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. हे जाळे आणि ही संस्था, दोन्ही १९५२ सालची. फ्लू विषाणूच्या ‘बी’ प्रकारातला यामागाता हा वंश मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेला नाही, त्यामुळे चार घटकांच्या लशीऐवजी पुन्हा तीन घटकांच्या लशीची शिफारस झाली आहे.

आता हंगामाचा प्रश्न. श्रीनगरमध्ये फ्लू थंडीतच वाढतो, मात्र भारताच्या बऱ्याच भागांत त्याची मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर या काळात येते आणि जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी, सहसा लहान. लस टोचल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाला एप्रिल-मे हा काळ सोयीचा. तो हुकला तर दिवाळीच्या सुमारास घेतलेली लसही हिवाळ्याच्या लाटेला उपयोगी पडते. खोक्यावर ‘एनएच’ किंवा ‘एसएच’ अशी इंग्रजी अक्षरे आणि वर्ष छापलेले असते. पहिले उत्तर गोलार्धाचे, दुसरे दक्षिणेचे. दवाखान्यात दंड पुढे करण्याआधी ती अक्षरे आणि मुदतीची तारीख वाचून घ्यावी, त्यात संकोच कसला? मुलांकडे न्यू जर्सीला किंवा टोरांटोला हिवाळा काढायला निघालेल्या आजीआजोबांना तर तिथला हंगाम पाहूनच लस ठरवावी लागते.

टोचायची लस सहा महिन्यांपुढील बहुतेक सर्वांना देता येते. गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुले, वृद्ध, दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेले आणि आरोग्य कर्मचारी यांना ती अगत्याने द्यावी. गरोदरपणी टोचायचीच लस घ्यायची, नाकातली नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देता येत नाही, त्याचे संरक्षण आईच्या दंडातून येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नसल्याने बहुतेकांना ती पदरमोड करूनच घ्यावी लागते.

निवड जुळलेल्या वर्षी लस फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. आकडा फार मोठा नाही, पण लस घेऊनही आजारी पडलेल्यांत गंभीर आजाराचे प्रमाण कमी राहते. ‘लस घेतली आणि फ्लूच झाला’ ही तक्रार नेहमीची. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसल्याने तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते, इतकेच.

महाराष्ट्राने फ्लूचे रौद्र रूप दोनदा जवळून पाहिले. जून १९१८ मध्ये साथ मुंबईत उतरली आणि देशभर पसरली. भारतात एक कोटीहून अधिक माणसे गेली. मराठी मुलखात ती ‘मानमोडी’ म्हणून लक्षात राहिली. पुढे ऑगस्ट २००९ मध्ये स्वाईन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, मास्क मिळेनात तेव्हा लोकांनी रुमाल बांधले. वर्षभरात, जुलै २०१० मध्ये, पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची नाकातून द्यायची लस बाजारात आली.

हिवाळ्यातली कोरडी हवा विषाणूला मानवते आणि बंद खिडक्यांच्या खोलीत तो सहज पसरतो. म्हणून दुपारी खिडक्या उघडणे, साबणाने हात धुणे, खोकताना कोपराआड तोंड धरणे आणि तापात शाळा-कचेरी टाळणे हे उपाय खरे कामाचे. डिंकाचे लाडू, सुंठीचा चहा जरूर घ्यावा. त्याने ऊब आणि तरतरी येते, विषाणू अडत नाही. वाफ घेताना उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून मुले भाजतात, तेव्हा लहानग्यांना तो प्रयोग नकोच. फ्लूवर प्रतिजैविके चालत नाहीत. ओसेल्टामिविर हे औषध चालते, मात्र लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केले तर त्याचा गुण सर्वाधिक. धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर घरी काढा उकळत बसू नये, दवाखाना गाठावा.