ओपन ऑफिसमध्ये लोक जास्त बोलतात? उलट झालंय

केबिन काढा, पार्टिशन पाडा, सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये बसवा की लोक आपोआप एकमेकांशी बोलायला लागतात, टीम जुळते, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. पण हे खरं नाहीये.

२०१८ साली हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांचा अभ्यास आला. दोन मोठ्या कंपन्यांची ऑफिसं ओपन व्हायच्या आधी आणि नंतर त्यांनी कर्मचाऱ्यांना सेन्सरवाले बॅज घालायला दिले, कोण कोणासमोर आहे, बोलतंय का एवढंच ते टिपायचे, काय बोलतंय ते नाही. भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं जवळपास ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल, चॅट वाढले!

आता बघा ना, सतत सगळ्यांच्या नजरेत असलं की माणूस हेडफोन लावून स्क्रीनमध्ये डोकं घालतो, बाजूच्याशी बोलायचं तर अख्खा हॉल ऐकणार म्हणून मेसेजच टाकतो. आणि त्रास नुसत्या मोठ्या आवाजाचा नसतो, एसीची घरघर चालून जाते, पण शेजारच्याच्या फोनवरचे शब्द कळायला लागले की लक्ष तिकडेच. तिथे कुंड्या नि रंगीत सोफे ठेवून काय होणार?

भिंती परत बांधा असं माझं म्हणणं नाही. पण छताला आवाज शोषणारं मटेरियल, फोनसाठी वेगळी खोली, दार लावून शांत बसता येईल अशा दोन-चार जागा, हे प्लॅनमध्ये पहिल्यांदा यायला हवं, जागा उरली तर बघू असं नाही.