ढालीवरचा सिंह कथेत उतरतो तेव्हा

पणजीच्या बसस्थानकावर थोडा वेळ उभे राहिले की एकामागून एक येणाऱ्या कदंब बसगाड्यांवर सिंहाची मुद्रा दिसते. गोव्याच्या कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह होता आणि सोबत सप्तकोटीश्वर या त्यांच्या कुलदैवताच्या वरप्रसादाचा उल्लेखही असे. ही पूर्वपीठिका ज्याला ठाऊक आहे त्याला बसवरचा सिंह निराळा दिसतो. लुईस कॅरल यांच्या ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ या १८७१ सालच्या अद्भुतकथेतील सिंह आणि युनिकॉर्न यांच्याबाबतीतही तसेच आहे.

युनिकॉर्न, म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेला कल्पित घोडा, हा स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्राणी. तेथील राजचिन्हातील ढाल दोन युनिकॉर्न सावरून धरीत. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या ढालीला एका बाजूस सिंह आणि दुसऱ्या बाजूस ड्रॅगन होता. १६०३ मध्ये राणी निपुत्रिक वारली, स्कॉटलंडचा सहावा जेम्स हाच इंग्लंडचा पहिला जेम्स म्हणून गादीवर आला, आणि ड्रॅगनच्या जागी गळ्यात सोन्याची साखळी असलेला युनिकॉर्न सिंहासमोर उभा राहिला. ही दोन जनावरे एकमेकांची हाडवैरी असल्याची समजूत युरोपात आधीपासूनच होती. मुकुटासाठी झुंजणाऱ्या या जोडीला लोक कोणी पांढरा पाव, कोणी तपकिरी पाव, तर कोणी केक देतात आणि अखेर ढोल बडवून गावाबाहेर घालवतात, असे एक बालगीत इंग्रज मुलांच्या तोंडी होते.

कॅरल यांनी हे गीत जसेच्या तसे उचलले, पण त्यातला दरारा काढून घेतला. त्यांचा सिंह पेंगुळलेला आहे. ज्या मुकुटासाठी झुंज चालली आहे तो बुद्धिबळातील पांढऱ्या राजाचा असून, तो राजा दोघांच्या मधे अवघडून बसला आहे. केक कापू पाहणाऱ्या अ‍ॅलिसला, म्हणजे आरशापलीकडच्या जगात शिरलेल्या कथानायिकेला, तुकडे पुन्हा पुन्हा जुळून आलेले दिसतात, कारण आरशातल्या जगात केक आधी वाटायचा आणि मग कापायचा असतो. न्यायालयांत आणि चर्चमध्ये हे राजचिन्ह रोज पाहणाऱ्या ब्रिटिश वाचकाला यातील गंमत आपसूक कळे. गोव्यात मात्र राज्य पोर्तुगिजांचे, त्यांच्या राजचिन्हात पाच छोट्या ढाली आणि सात किल्ले. त्यामुळे आपल्याकडील वाचकाला ही गंमत मुद्दाम उलगडून सांगावी लागते.

चित्रकार जॉन टेनिएल यांचा उल्लेख येथे मला अत्यावश्यक वाटतो. १७९९ च्या श्रीरंगपट्टण विजयाच्या पदकावर ब्रिटिश सिंहाने टिपूच्या वाघाला लोळवलेले दाखवले होते. तीच प्रतिमा पुढे नेत टेनिएल यांनी ऑगस्ट १८५७ मध्ये, भारतातील उठाव चालू असताना, ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकात बंगालच्या वाघावर झेप घेणारा ब्रिटिश सिंह रेखाटला, आणि त्या चित्राने सूडाच्या भावनेला खतपाणी घातले. पुढे चौदा वर्षांनी कॅरल यांच्या पुस्तकासाठी अ‍ॅलिसच्या शेजारी केकची वाट पाहत बसलेला सिंह काढणारा हातही त्यांचाच होता.